राजकीय घोटाळे आणि इतिहासातली संकटं: नामांकित माहितीपटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाईत आम्ही काही जण महिन्यातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये माहितीपट दाखवतो आणि नंतर त्यावर बोलत बसतो. घोटाळे, दडपशाही, सामूहिक हत्या, बँका बुडणं, सरकारं कोसळणं असे विषय आम्ही मुद्दाम निवडतो. लातूर, परळी, केज, उदगीरकडून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत.

रोज बातम्या बघतो. मग वेगळा माहितीपट कशाला बघायचा?

बातमी घटनेच्या दुसऱ्या दिवशी येते आणि चौथ्या दिवशी निघून जाते. माहितीपट करणारा तिथेच थांबतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांनी त्या धाग्यावर जवळपास चौदा वर्षं चित्रण केलं आणि २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा केला. खटला कसा रेंगाळला, माणसं कशी बदलली, कोण कुठल्या पक्षात गेलं, हे सगळं त्यात दिसतं. एवढा काळ कुठल्याही वाहिनीचा कॅमेरा एका वस्तीत थांबत नाही.

‘ऑस्कर नामांकित’ म्हणजे नेमकं काय झालेलं असतं?

चाळीस मिनिटांपेक्षा मोठा माहितीपट ‘पूर्ण लांबीचा’ धरतात. ठरवून दिलेल्या अमेरिकी शहरांत तो चित्रपटगृहात निदान सात दिवस लागावा लागतो, किंवा मान्यताप्राप्त महोत्सवात बक्षीस मिळालेलं असावं लागतं. मग ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा माहितीपट विभाग, म्हणजे स्वतः हे काम करणारी मंडळी, आलेल्या ढिगातून पंधरांची यादी काढतात आणि त्यातून पाच निवडतात. हे पाच म्हणजे नामांकित. शेवटचं मतदान मात्र सगळे सदस्य करतात. त्यात नट, संगीतकार, वेशभूषाकारही आले.

म्हणून आम्ही बाहुलीपेक्षा नामांकनाला जास्त किंमत देतो. नामांकन ठरवणारे लोक या धंद्यातले असतात.

पण बक्षीस मिळालं नाही म्हणजे तो कमीच ना?

नाही. ‘द सॉरो अँड द पिटी’ घ्या. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ या गावाचे लोक कसे वागले यावर मार्सेल ओफ्युल्स यांनी चार तासांहून मोठा माहितीपट केला. कोण लढलं, कोण गप्प बसलं, कोणी शेजाऱ्याची चुगली केली, हे त्यात गावकरीच सांगतात. १९७२ च्या ऑस्करमध्ये त्याला नामांकन होतं आणि बक्षीस मिळालं कीटकांवरच्या एका चित्रपटाला. फ्रान्सच्या दूरचित्रवाणीने तर तो १९८१ पर्यंत दाखवलाच नाही. आज त्या कीटकांची आठवण कोणाला आहे?

उलट बाजूही आहे. एरल मॉरिस यांच्या १९८८ च्या ‘द थिन ब्लू लाइन’ला साधं नामांकनही मिळालं नव्हतं. तेव्हा यादी बघून निवड करा, पण यादीबाहेर काहीच नाही असं समजू नका.

पहिल्यांदा बघतोय. एकच नाव सांगा.

‘कलेक्टिव्ह’. रुमानियाचा, दिग्दर्शक अलेक्झांडर नानाऊ, २०१९ चा. २०२१ च्या ऑस्करमध्ये त्याला माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशी दोन नामांकनं होती. दोन्हीकडे हरला.

३० ऑक्टोबर २०१५ च्या रात्री बुखारेस्टच्या ‘कोलेक्तिव’ नावाच्या क्लबमध्ये गाण्याचा कार्यक्रम चालू असताना आग लागली. बाहेर पडायला धड वाट नव्हती. एकूण ६४ जण दगावले, पण त्यातले निम्म्याहून जास्त त्या रात्री गेले नाहीत. ते पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत दवाखान्यात गेले. काहींचं भाजणं जिवावर बेतण्याइतकं नव्हतं. मंत्री सांगत होते की उपचार जर्मनीच्या तोडीचे चालू आहेत.

मग माणसं मरत का होती, हे शोधलं ‘गझेटा स्पोर्तुरिलोर’ या खेळांच्या दैनिकाने. फुटबॉलच्या बातम्या देणारा पेपर! कातालिन तोलोन्तान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कळलं की दवाखान्यांना पुरवलं जाणारं जंतुनाशक पाणी घालून पातळ केलेलं आहे. कंपनी पातळ करून विकायची, दवाखान्यात ते आणखी पातळ व्हायचं. जखमा धुवायच्या जागी जंतूच वाढत होते. एका डॉक्टरबाईंनी आतून चित्रफीत बाहेर काढली, त्यात रुग्णाच्या जखमेत अळ्या दिसतात.

आम्ही हा दाखवला त्या दिवशी हॉलमध्ये नर्सिंगमधल्या बऱ्याच जणी होत्या. आमच्या गावात स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं मोठं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे दवाखान्याचं काम जाणणारी माणसं घरोघरी आहेत. एक निवृत्त सिस्टर चर्चेत उठल्या. जंतुनाशकाच्या डब्यावरचं प्रमाण, ते किती पाण्यात किती मिसळायचं, मिसळल्यावर किती वेळ टिकतं, बादलीवर तारीख-वेळ का लिहायची, हे त्यांनी पंधरा मिनिटं उभं राहून समजावलं. त्यानंतर लोकांनी शेवटची वीस मिनिटं परत लावायला सांगितली, कारण आता त्यांना नेमकी चोरी कुठे आहे ते दिसत होतं.

माहितीपटाचा दुसरा अर्धा भाग आणखी दुर्मीळ आहे. जुना मंत्री जातो आणि रुग्णांच्या हक्कांसाठी काम केलेला एक तरुण माणूस आरोग्यमंत्री होतो. तो कॅमेऱ्याला थेट आपल्या दालनात बसू देतो. फायली, फोन, सल्लागारांची कुजबुज, कुठला कायदा कुठे आडवा येतो, सगळं दिसतं. चांगल्या माणसाला खुर्ची मिळाली तरी यंत्रणा हलायला काय काय लागतं, हे मी तरी इतक्या जवळून दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आर्थिक घोटाळे डोक्यावरून जातात. त्यातलं काही समजण्यासारखं आहे का?

आहे. ‘इनसाइड जॉब’ बघा. २००८ च्या जागतिक मंदीवर चार्ल्स फर्ग्युसन यांनी २०१० मध्ये केलेला हा माहितीपट ऑस्करविजेता आहे. सुरुवात आइसलँडपासून होते. एवढासा देश, तिथल्या तीन बँका, आणि देशाच्या अर्थव्यवस्थेला न झेपणारं कर्ज.

आपल्याकडच्या माणसाला हा विषय वाटतो तितका परका नाही. कुठल्याही पतसंस्थेच्या दारावर ‘ऑडिट वर्ग अ’ अशी पाटी आपण पाहिलेली आहे. ती बघूनच कित्येकांनी मुलीच्या लग्नाचे, उसाच्या बिलाचे, निवृत्तीचे पैसे ठेवले, आणि पुढे ठेवी अडकल्या. बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, कुठेही विचारा. ‘इनसाइड जॉब’मध्ये हीच पाटी मोठ्या आकारात आहे: मानांकन कंपन्यांनी कचरा कर्जांच्या गठ्ठ्यांना सर्वोच्च दर्जा दिला आणि कोसळल्यावर अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितलं की ती आमची फक्त मतं होती.

एक मुलाखत मी प्रत्येक वेळी पुन्हा बघते. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रेडरिक मिश्किन यांनी २००६ मध्ये आइसलँडच्या आर्थिक स्थैर्याची वाखाणणी करणारा अहवाल लिहिला होता. तिथल्या व्यापारी मंडळाने त्यासाठी १,२४,००० डॉलर दिले होते. फर्ग्युसन शांतपणे विचारतात की तुमच्या परिचयपत्रात या अहवालाच्या नावातलं ‘स्थैर्य’ जाऊन ‘अस्थैर्य’ कसं झालं? उत्तर येतं, टंकनाची चूक असेल. कोणी आवाज चढवत नाही, पार्श्वसंगीत नाही, फक्त दोन कागद आणि समोरचा चेहरा.

हा जमला तर मग ‘एनरॉन: द स्मार्टेस्ट गाईज इन द रूम’ बघा. ॲलेक्स गिब्नी यांचा २००५ चा, नामांकित. दाभोळ प्रकल्पामुळे एनरॉन हे नाव महाराष्ट्रात आधीच गाजलेलं होतं. ती कंपनी मुळात कशी पोकळ होती ते यात कळतं.

पण यातलं खरं कशावरून मानायचं?

आमच्या चर्चेत एकच नियम आहे. आवडलं की नाही हे नंतर. आधी सांगा, बनवणाऱ्याला हे कळलं कसं? कागद आहे, साक्षीदार आहे, जुनी चित्रफीत आहे की निवेदकाचा नुसता आवाज आहे?

‘नवाल्नी’ हा २०२३ चा ऑस्करविजेता या कसोटीला लावून बघण्यासारखा आहे. रशियाचे विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्यावर ऑगस्ट २०२० मध्ये विषप्रयोग झाला. वाचल्यावर ते स्वतः संशयितांना फोन करतात. एकाला वरिष्ठांचा सहायक असल्याचं भासवतात आणि तो माणूस विष कपड्यांना कुठे लावलं होतं, इथपर्यंत बोलून जातो. फोन चालू असताना बाजूला बसलेल्या सहकारी बाईंचा हात तोंडावर जातो. तो फोन कोणाला करायचा हे कळलं कसं? प्रवासाच्या आणि मोबाइलच्या नोंदी रशियाच्या काळ्या बाजारातून विकत घेऊन. आता तुम्ही ठरवा, असा पुरावा चालतो का? आमच्याकडे यावर दोन तट पडले आणि पडायलाच हवेत. नवाल्नी फेब्रुवारी २०२४ मध्ये तुरुंगात वारले.

ब्राझीलच्या पेत्रा कोस्टा यांच्या ‘द एज ऑफ डेमोक्रसी’लाही २०२० मध्ये नामांकन होतं. राष्ट्राध्यक्षांवरचा महाभियोग, आधीचे राष्ट्राध्यक्ष लुला यांचा तुरुंगवास, आणि त्यात कोस्टा यांच्या स्वतःच्या घराची गोष्ट. आईवडील हुकूमशाहीविरोधात भूमिगत, तर आजोळ बांधकाम उद्योगातलं बडं घराणं. ही बाजू त्या लपवत नाहीत. पण १९७६ मध्ये मारल्या गेलेल्या कार्यकर्त्यांच्या एका जुन्या छायाचित्रातल्या बंदुका त्यांनी पुसून टाकल्या होत्या. पोलिसांनी त्या नंतर आणून ठेवल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं. असेलही. तरी प्रेक्षकाला न सांगता छायाचित्राला हात लावायला नको होता, असं माझं ठाम मत आहे. छायाचित्र तसंच ठेवून आवाजात एक वाक्य घातलं असतं तरी पुरलं असतं.

बनवणाऱ्याची बाजू असण्याला माझी हरकत नाही. ती समजून यावी एवढंच मागणं आहे.

जो स्वतः दोषी आहे त्याचीच मुलाखत दीड-दोन तास का ऐकायची?

कारण खुर्चीवर बसलेला माणूस निर्णय कसा घेतो हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. ‘द फॉग ऑफ वॉर’मध्ये अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा पंच्याऐंशीव्या वर्षी बोलतात. १९६२ चं क्यूबा संकट, व्हिएतनाम, आणि त्याआधी १९४५ मध्ये टोकियोवर टाकलेले आगीचे बॉम्ब. युद्ध हरलो असतो तर आमच्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटले चालले असते, हे ते मान्य करतात. एरल मॉरिस यांनी मुलाखतीसाठी खास यंत्र बनवलं होतं, त्यामुळे बोलणारा थेट भिंगात बघतो. ते आपल्याशीच बोलतात असं वाटतं. व्हिएतनामबद्दल शेवटी विचारलं की ते उत्तर टाळतात, तेही ऐकण्यासारखं आहे. २००४ मध्ये याला ऑस्कर मिळालं.

‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ बघताना लोक उठून जातात असं ऐकलं. तो दाखवावा का?

दाखवावा, पण आधी सांगून. १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात कम्युनिस्ट किंवा कम्युनिस्ट असल्याचा आळ घेतलेल्या पाच ते दहा लाख लोकांची कत्तल झाली. करणाऱ्यांवर खटले चालले नाहीत. ते प्रतिष्ठित नागरिक म्हणून गावात फिरत राहिले. जोशुआ ओपनहायमर यांनी त्यांनाच विचारलं की तुम्ही केलंत ते करून दाखवाल का? ते आनंदाने तयार झाले. एक जण गच्चीवर नेऊन तारेने गळा कसा आवळायचो हे दाखवतो आणि तिथेच नाचतो. शेवटी त्याच गच्चीवर त्याला कोरड्या ओकाऱ्या येतात. श्रेयनामावलीत कितीतरी इंडोनेशियन सहकाऱ्यांच्या नावाजागी ‘अनामिक’ एवढंच आहे, कारण नाव छापणं धोक्याचं होतं. २०१४ मध्ये याला नामांकन होतं.

त्याची जोडगोळी ‘द लुक ऑफ सायलेन्स’ मला अधिक मोठी वाटते. तीही २०१६ मध्ये नामांकित होती. चष्म्याचे नंबर काढणारा एक माणूस मारेकऱ्यांच्या घरी जातो. त्याचा मोठा भाऊ त्या कत्तलीत गेलेला. समोरच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर तपासणीची चौकट चढवून तो एकेक भिंग बदलत राहतो, दिसतंय का विचारतो, आणि त्याच आवाजात तेव्हाचं विचारायला लागतो. म्हातारा आधी बढाई मारतो, मग चिडतो, मग राजकारण काढू नको म्हणतो.

आपल्याकडे ही जोडी दाखवायची तर १९४८ चा, हैदराबाद संस्थानाचा विषय निघतोच, आणि निघू द्यावा. रझाकारांचे अत्याचार मराठवाड्यातल्या घराघरांत सांगितले जातात. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील. उमरीची बँक, अर्जापूरचे हुतात्मा गोविंदराव पानसरे ही नावं आपण १७ सप्टेंबरला घेतो. घ्यायलाच हवीत. पण पोलीस ॲक्शननंतर मुस्लिम वस्त्यांवर जे झालं ते त्याच घरांत आवाज खाली करून सांगतात, किंवा सांगतच नाहीत. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षअखेरीस संस्थानात हिंडून अहवाल दिला. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता आणि सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, आणि नांदेड होते. तो अहवाल अनेक दशकं लोकांसमोर आला नाही. दोन्ही प्रकारच्या घरांतली माणसं एकाच हॉलमध्ये बसून हे बोलली, तेव्हा कोणीही उठून गेलं नाही. लोकांना ऐकायचं असतं, असा आमचा अनुभव आहे.

भारतात असे माहितीपट होतात का? झाले तर दाखवू देतात का?

होतात, उत्तम होतात. दाखवण्यासाठी मात्र बनवणाऱ्यांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आहेत.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘चार शहर एक कहानी’ हा छोटा माहितीपट केला. महानगरांतली श्रीमंती आणि तिच्या पायाशी असलेली गरिबी असा विषय. वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून सेन्सॉरने अडवलं आणि अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० चा तो निकाल आजही आधाराला घेतात. चित्रपट आधी तपासणं घटनेला धरून आहे, पण त्याचे निकष स्पष्ट हवेत, असं न्यायालय म्हणालं.

दुसरं उदाहरण ‘भोपाळ: बियाँड जेनोसाइड’. तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांनी २-३ डिसेंबर १९८४ च्या वायुकांडावर केलेला. सुहासिनीताईंना आपण ‘लगान’मधल्या आई म्हणून ओळखतो. त्यांची ही बाजू फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि भागलपूरला कच्च्या कैद्यांचे डोळे फोडले गेले त्यावरचा ‘ॲन इंडियन स्टोरी’ही याच जोडीचा. भोपाळच्या माहितीपटाला सरकारचंच सुवर्णकमळ मिळालं. सरकारच्याच दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला! विषय जुना झाला, संयम नाही, भरपाईचे दावे न्यायप्रविष्ट आहेत, राजकीय पक्ष मुद्दे उचलतायत, अशी कारणं. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी फेटाळली आणि दाखवा म्हणून सांगितलं. सरकारवर टीका आहे म्हणून नाकारता येणार नाही, हे त्या निकालातलं सूत्र माहितीपटवाल्यांच्या फार उपयोगी पडलं. पटवर्धन यांचा ‘राम के नाम’ही दूरदर्शनवर आला तो न्यायालयामुळेच. त्यांच्या ‘वॉर अँड पीस’ला सेन्सॉरने कात्री सुचवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने एकही दृश्य न कापता तो सोडवला आणि पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

अलीकडचं म्हणाल तर रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांचा ‘रायटिंग विथ फायर’. बुंदेलखंडातल्या दलित महिला पत्रकारांचं ‘खबर लहरिया’ छापील कागदावरून मोबाइलवर कसं गेलं, याची गोष्ट. २०२२ मध्ये ऑस्कर नामांकन मिळालं. त्याच वेळी ‘खबर लहरिया’ने निवेदन काढलं की यात आमच्या कामाचा एकच भाग आला आहे, पूर्ण चित्र नाही. चित्रपट बघा आणि मग ते निवेदनही वाचा.

शेतकरी आत्महत्यांवर पत्रकार पी. साईनाथ यांच्यासोबत फिरून दीपा भाटिया यांनी केलेला ‘नीरोज गेस्ट्स’ही चुकवू नका. तो विदर्भातला असला तरी आपल्याकडच्या माणसाला त्यातलं एकही घर अनोळखी वाटणार नाही.

मराठवाड्यावर असं काही करण्याजोगं आहे का?

इतकं आहे की कुठून सांगावं.

किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. माळवदाची घरं, दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचा भार. माणसं झोपेत गाडली गेली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. त्या वेळचं चित्रण भरपूर आहे. ढिगारे, चिता, हेलिकॉप्टर, पुढारी. पण नव्या गावठाणात चौकोनी प्लॉटवर राहायला गेल्यावर भावकी कशी विस्कटली, जुन्या वेशीचं आणि देवळाचं काय झालं, अनाथ झालेली पोरं पुढे कुठे गेली, याचा सलग पट कोणीतरी करायला हवा. तेव्हाची दहा वर्षांची पोरं आज चाळिशीत आहेत.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांच्यासारखी माणसं मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला डॉ. बाबासाहेबांचं नाव लागलं. मधल्या साडेपंधरा वर्षांत कोण कुठे उभं होतं, हे सांगणारी माणसं, पत्रकं, गाणी, जुने अंक अजून घरांत आहेत.

ऊसतोड. बीड जिल्ह्यात ऊस तोडायला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं. सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. उचल, मुकादम, कोयता, पाळीच्या दिवसांतला खाडा आणि त्याचा दंड, खासगी दवाखाना, हे सगळे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. ‘कलेक्टिव्ह’ बघितल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा हेच आलं. आणि एप्रिल २०१६ मधली मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे. पहिल्या खेपेला दहा डब्यांतून पाच लाख लिटरच्या आसपास पाणी आलं. स्टेशनवर त्या दिवशी कॅमेऱ्यांची गर्दी होती. मांजरा धरणाचं पाणी वर्षानुवर्षं गेलं कुठे, हे विचारायला मात्र त्यातले किती कॅमेरे लातुरात थांबले?

शाळेतल्या मुलांना दाखवावं का?

नववीच्या पुढे, निवडून. ‘इनसाइड जॉब’ आणि ‘रायटिंग विथ फायर’ चालतील. ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ आणि युक्रेनमधल्या मारियुपोलच्या वेढ्यावरचा ‘२० डेज इन मारियुपोल’ नको. मोठ्या माणसांनाही त्यानंतर थोडा वेळ शांत बसावं लागतं.

इंग्रजी उपशीर्षकं वाचता वाचता चित्र निघून जातं. काय करावं?

आमच्याकडे दोघं जण आधी माहितीपट बघून पानभर मराठी टिपण तयार करतात. कोण कोण, कुठे, कधी, आणि चार-पाच अडणारे शब्द. ते दारातच वाटतो. अवघड जागी थांबवतो आणि एक जण मोठ्याने सांगतो. दीड तासाच्या माहितीपटाला अडीच तास लागतात. लागू द्यावेत. सुरुवातच करायची असेल तर ‘जय भीम कॉम्रेड’ घ्या, त्यातली बहुतेक गाणी आणि बोलणं आपलंच आहे.

गावात दाखवायचा तर परवानगी लागते का?

लागते. घरात चार जणांनी बघणं वेगळं आणि हॉलमध्ये जाहीर खेळ लावणं वेगळं. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना ईमेल करा. गावातल्या वाचनालयासाठी फुकट दाखवतोय असं मोकळेपणाने सांगितलं तर माहितीपटवाले बहुधा आनंदाने हो म्हणतात. जाहीर खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र आहे का तेही विचारून घ्या. टेलिग्रामवरून उतरवलेली प्रत लावू नका. ज्या माणसाने दहा वर्षं घालवली त्याचं नुकसान होतं आणि आवाजही धड नसतो.

हे बघून काही बदलतं का?

कधी कधी थेट बदलतं. ‘द थिन ब्लू लाइन’मुळे रँडल ॲडम्स हा निरपराध माणूस १९८९ मध्ये सुटला. पोलिसाच्या खुनाच्या आरोपाखाली तो बारा वर्षं टेक्सासच्या तुरुंगात होता. रुमानियात आगीनंतर लोक रस्त्यावर उतरले आणि पंतप्रधानांना जावं लागलं, पण वर्षभरानंतर निवडणूक झाली आणि तोच पक्ष मोठ्या मतांनी परत आला. ‘कलेक्टिव्ह’ हे लपवत नाही.

आमच्या आजीने रझाकारांचा काळ पाहिलाय. तिचं बोलणं कसं टिपून ठेवू?

आजच सुरुवात करा. तेव्हा कळत्या वयाची असलेली माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत.

मोबाइल पुरेसा आहे, पण पंखा बंद करा आणि फोन त्यांच्याजवळ ठेवा. चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. एका बैठकीत तासाभराहून जास्त बोलवू नका. ‘अत्याचार कसे झाले’ असं विचारलं की ऐकलेलंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: तुमचं घर कुठल्या आळीत होतं, दार कुठल्या बाजूला, त्या दिवशी चुलीवर काय होतं, कोण कोण घरी होतं, पळून कुठल्या गावी गेलात, बैलगाडीने की पायी, सोबत काय नेलं, परत आलात तेव्हा शेजारी कोण उरलं होतं? तारखा विचारू नका. पोळा झाला होता का, ज्वारी पेरली होती का, विहिरीला पाणी किती होतं, असं विचारा. महिना आपोआप कळतो. पाहिलेलं कुठलं आणि ऐकलेलं कुठलं, हे तिथल्या तिथे विचारून वेगळं करा.

मूळ फाइल कापू नका. नाव, गाव, तारीख आणि विचारणाऱ्याचं नाव सुरुवातीलाच बोलून ठेवा. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. त्यात दुसऱ्या कोणावर आरोप असेल तर ते घर आजही गावात आहे हे लक्षात घ्या आणि आजीला विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपवर टाकू नका. फाइल उघडायला किंवा उतरवून काढायला मदत हवी असेल तर दुसऱ्या रविवारी चार वाजता वाचनालयात या. त्या दिवशी खेळाच्या आधी आम्ही हेच काम करत बसलेले असतो.